सातव्या मिनिटानंतरचा वारा

“सहा,” सार्जंट खोत दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाले. “दिशा चौऱ्याण्णव, कोन एकेचाळीस.”

मी लिहून घेतलं. बोटं इतकी गारठली होती की आकडा वाकडा उमटला, म्हणून पुन्हा गिरवला.

“सात...” ते म्हणाले आणि थांबले. मी पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत राहिले. मग त्यांनी डोळा काढला आणि लोकरीची टोपी मागे सारली. “गेला मॅडम. ढगात गेला.”

सकाळचे सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. आमचा तळ पूर्वेकडच्या हिमालयात एका अरुंद खोऱ्यात होता. त्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, नकाशात सापडायचं नाही. दोन हलकी हेलिकॉप्टरं, पत्र्याचा एक टॉवर आणि हवामान विभाग म्हणून दोन खोल्या, एवढाच संसार. त्यातल्या दोन खोल्या माझ्या. फ्लाइंग ऑफिसर माधुरी ढवळे, वय सव्वीस, गाव वाशीम, हवामान अधिकारी. माझी आई वाशीमभर सांगत फिरायची की पोरगी विमानं उडवते. मी उडवत होते फुगे.

रोज सकाळी आणि दुपारी हायड्रोजन भरलेला एक फुगा सोडायचा, पांढऱ्या ढगांवर उठून दिसावा म्हणून लाल. तो ठरावीक वेगाने वर जातो. दर मिनिटाला त्याच्यावर दुर्बीण रोखून दिशा आणि कोन टिपला, की त्या त्या उंचीवरचा वारा गणिताने निघतो. सहाव्या मिनिटाला फुगा आमच्या डोक्यावर बाराशे मीटर असायचा. हेलिकॉप्टरं ज्या खिंडीतून पलीकडे जात, ती खिंड होती अकराव्या मिनिटाच्या उंचीवर. म्हणजे त्या सकाळी खिंडीतल्या वाऱ्याबद्दल आम्हाला काडीचीही माहिती मिळालेली नव्हती.

“दुसरा सोडू का?” खोतांनी विचारलं. ते कवठेमहांकाळचे, अठरा वर्षं फुगे सोडत आलेले. “ढगाला अजून भोकं हाईत. पश्चिमंकडनं एक मोठं येतंय बगा.”

मी वर पाहिलं. भोक होतं खरं, निळं, बऱ्यापैकी मोठं. तेवढ्यात आत फोन वाजला आणि मी धावले.

फोन खिंडीपलीकडच्या चौकीवरून होता. तिथल्या नाईक दिलबहादूरच्या फुप्फुसात रात्रीपासून पाणी भरत होतं. उंचीवर असं होतं, धडधाकट माणसालाही होतं, आणि औषध एकच, त्याला खाली आणणं. ओठ निळे पडले होते. ऑक्सिजनची शेवटची नळकांडी लावली होती आणि ती साडेआठपर्यंत पुरेल असा तिथल्या नर्सिंग असिस्टंटचा अंदाज होता. पायी खाली आणायला दोन दिवस लागतात, हे त्याने सांगितलं नाही. ते आम्हाला ठाऊक होतं.

मी फोन ठेवला तेव्हा खोत दारात उभे होते. दुसऱ्या फुग्याचं काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वेळ नाही, जोशी सर पंचवीस मिनिटांत येतील, आकडे मशीनमध्ये टाकू द्या. फुगा भरायचा, सोडायचा, मग गणित, यात अर्धा तास सहज जातो. खोत दुर्बीण झाकायला गेले.

ते मशीन म्हणजे आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी आलेला संगणक. त्यातल्या प्रोग्रॅमला वाऱ्याचा तक्ता दिला की तो आसपासच्या डोंगरांचा हिशेब करून सगळा मार्ग पडद्यावर रंगवून दाखवायचा. हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बसून राहा. काम चोख होतं. खोड एकच होती. तक्त्यात सोळा रांगा होत्या आणि एकही रांग रिकामी राहिली की मशीन टींग करून अडून बसायचं. फुगा सोळा मिनिटं दिसतो तो स्वच्छ आभाळात, आणि आमच्या खोऱ्यात स्वच्छ आभाळ आठवड्यातून दोनदा. मग माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने पदभार देताना, मेसच्या जेवणाच्या वेळा सांगाव्यात तितक्या सहज मला सांगितलं होतं, की उरलेल्या रांगांत आदल्या दुपारचे आकडे टाकायचे, डोंगरातला वारा काही रोज रोज बदलत नाही. याला आमच्यात शेपूट लावणं म्हणत. मी आल्याच्या आठवड्यात खोत एवढंच म्हणाले होते, “फुग्याला शेपूट नसतंय मॅडम, पतंगाला असतंय.” मी हसले होते. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मी चाळीसेक वेळा शेपूट लावून मोकळी झाले होते.

त्या दिवशीही लावलं. सहा रांगा आजच्या, दहा कालच्या. अकराव्या रांगेत, खिंडीच्या उंचीवर, काल दुपारी अठरा नॉट, म्हणजे ताशी तेहेतीसेक किलोमीटर, वारा होता, तो तसाच उतरवला. मशीनने दोन मिनिटं घरघर केली आणि पडदा हिरवा झाला. मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या घटकेला मला फक्त बरं वाटलं.

पावणेसातला स्क्वाड्रन लीडर जोशी आले. नावावरून आपल्याकडचे वाटतात, पण माणूस अल्मोड्याचा. आल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने त्यांच्याशी मराठीत बोलायला गेले होते आणि तोंडघशी पडले होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठीचे दहा-बारा शब्द येत, त्यातले अर्धे चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते. आमच्या तुकडीचे तेच प्रमुख आणि तेच सगळ्यांत जुने वैमानिक. त्यांच्यासोबत सहवैमानिक पिंटो होता, मेसमध्ये माझ्या ताटातलं लोणचं पळवणारा.

मी हवामान सांगितलं. ढग किती, कुठवर, बर्फाची शक्यता नाही. जोशी पडद्याकडे बघत होते, पण कान माझ्याकडे होता.

“खिंडीत किती?”

“अठरा नॉट, सर. पश्चिमेकडून.”

तीस नॉटच्या वर वारा असला तर ते खिंडीत शिरत नसत. पश्चिमेचा वारा खिंड ओलांडून जिथे खाली कोसळतो, त्या बाजूला हलकं हेलिकॉप्टर सापडलं तर तो त्याला दाबत दाबत थेट दरीत नेतो, आणि तेवढ्या उंचीवर इंजिनात उसळून वर यायची ताकद उरलेली नसते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या तळावरचं एक असंच गेलं होतं. जोशींच्या बरोबरीचे होते दोघे.

मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. तो ते रोज विचारत, मराठीत, त्या दहा-बारा शब्दांतला एक वापरून.

“बघितलंस?”

एरवी शेपटाच्या दिवशी मी म्हणायचे, अंदाज आहे सर. ते मान हलवायचे, एखादी फेरी उशिरा काढायचे, मधल्या वेळात वारा बघून यायचे. पण त्या दिवशी माणूस गुदमरत होता. अंदाज म्हटलं तर ते थांबतील, फुगा मागतील, अर्धा तास जाईल, आणि तो अर्धा तास माझ्यामुळे गेला असं होईल. शिवाय पडदा हिरवा होता. आणि आणखी एक होतं, तेही सांगून टाकते. या तळावरची मी पहिली बाई अधिकारी. पहिल्या महिन्यात मेसमध्ये कुणीतरी म्हणालं होतं की आता हवामान विचारलं की उत्तर येईल, ‘बहुतेक’. सगळे हसले होते. त्या दिवसापासून मला ठाम बोलायची हौस जडली होती.

“हो सर,” मी म्हटलं.

खोत माझ्या मागे उभे होते. ते आपल्या बुटांकडे बघायला लागले. जोशींनी हवामान ऐकल्याची वहीत सही केली, सात वाजून पाच मिनिटांनी हेलिकॉप्टर उठलं आणि नदीवरून खिंडीच्या दिशेने निघून गेलं. खिंड तिथून पस्तीस मिनिटांवर होती.

आवाज विरल्यावर खोत चहाचे दोन ग्लास घेऊन आत आले. एक माझ्यासमोर ठेवला. स्वतःचा हातातच धरून उभे राहिले.

“मॅडम, एक दावू का? रागावणार न्हाईसा न्हवं?”

त्यांनी माझा सकाळचा कागद पुढे ओढला आणि नखाने पाचवी रांग दाखवली, मग सहावी. पाचव्या मिनिटाला वारा नऊ नॉट. सहाव्याला सतरा. मीच काढलेले आकडे, माझ्याच अक्षरात.

“काल सहाव्याला किती हुता?”

मी कालचा कागद काढला. आठ.

“म्हंजे आज एका मिन्टात दुप्पट झालाय,” खोत म्हणाले. “आन् सातव्याला तुमी कालचा लावलाय, नऊ. आजच्या धडाला कालचं मुंडकं. वर काय हाय ते ठावं न्हाई. अठरा बी आसंल.” ते थांबले. “न्हाईतर पन्नास बी आसंल.”

मी त्या दोन रांगांकडे बघत राहिले. एका नजरेत दिसण्यासारखी गोष्ट होती. सहापर्यंत वारा चढत होता आणि सातला एकदम बसला होता, कारण सातपासून तो दुसऱ्याच दिवसाचा वारा होता. मशीनने ती उडी गुळगुळीत करून घेतली आणि वर हिरवा रंग फासला. मशीनला काय ठाऊक. ठाऊक असायला हवं होतं मला, आणि मी आकडे उतरवताना ते वाचलेच नव्हते.

घड्याळात सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. अठरा मिनिटांनी ते खिंडीत शिरणार होते.

आमच्या खोल्यांपासून टॉवर दोनेकशे पावलांवर. मी निघाले तेव्हा धावत होते आणि अर्ध्या वाटेत चालायला लागले. दम लागला म्हणून नाही. पाय पुढे जाईनात. मी आता रेडिओवर बोलले तर पहिली गोष्ट, हेलिकॉप्टर थांबेल आणि चौकीवरच्या माणसाचा ऑक्सिजन जळत राहील. दुसरी गोष्ट, तो रेडिओ सगळं खोरं ऐकतं, चौकीही ऐकते, आणि मी नुसता अंदाज बदलत नव्हते, मी खोटं बोलले असं सांगायला निघाले होते. आणि वारा खरोखर अठराच असला तर? तर गप्प बसले की काम झालं. कुणालाही काहीही कळायचं नाही. खोत कुणाला सांगणाऱ्यातले नव्हते.

पिंटोचं लोणचं आठवलं. हसू नका, तेच आठवलं. मी पुन्हा धावले.

टॉवरमधल्या कार्पोरलने मला बघून खुर्ची दिली. मी उभ्यानेच माइक घेतला.

“सर, ढवळे बोलतेय. खिंडीतला वारा मी बघितलेला नाही. सकाळचा फुगा सहाव्या मिनिटानंतर ढगात गेला. अठरा हा आकडा कालचा आहे.”

खरखर आली. कार्पोरल खिडकीबाहेर अगदी मन लावून बघायला लागला.

“सहाव्याला किती?” जोशींचा आवाज होता तसाच होता.

“सतरा. पाचव्याला नऊ होता.”

आता जास्त वेळ खरखर झाली. ते शिव्या देतील असं मला वाटलं, दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग ते म्हणाले, “खिंडीच्या अलीकडे माल टाकायचं मैदान आहे, तिथे उतरतोय. इंजिन बंद करणार नाही, या थंडीत पुन्हा चालू व्हायची खात्री नाही. इंधनाच्या हिशेबाने मी तिथे पंचेचाळीस मिनिटं थांबू शकतो. त्यानंतर मला परत फिरावं लागेल. तेवढ्यात मला वारा दे. बघून दे.”

मी खाली आले तेव्हा खोतांनी फुगा भरायला घेतला होता. तो आम्ही सात पस्तीसला सोडला. पाचव्या मिनिटाला गेला. ढग आणखी खाली उतरला होता आणि भोकं बुजत चालली होती. सव्वासहाला जे भरपूर होतं ते आता मागून मिळत नव्हतं. मी नुसती मान वर करून उभी होते. आयुष्यात कधी देवाला फारसा त्रास दिलेला नाही, त्या सकाळी दिला.

खोत मात्र आभाळाकडे न बघता शेडमध्ये शिरले आणि खालच्या खोक्यातून एक जाड फुगा काढून आणला. हे फुगे वजनदार यंत्रं वर न्यायचे, आमच्या नेहमीच्या कामाचे नव्हेत.

“ह्यात दुप्पट गॅस भरतो,” ते म्हणाले. “बाण गेल्यागत जाईल. साधा फुगा सोडला तर त्यो वर पोचंस्तोवर भोक पुढं सरकतंय. ह्यो भोक गाठंल. पर गणित तुमाला हातानं करावं लागंल. त्या मशीनला ह्येचा वेग ठावं न्हाई.”

गॅस भरायला बारा मिनिटं गेली. तेवढ्यात मी या फुग्याचा वेग जुन्या पुस्तकातून काढून ठेवला आणि कागदावर रांगा आखल्या. आठ वाजायला पाच मिनिटं होती. पश्चिमेच्या कड्यावर ढगात एक फट दिसत होती, भोक म्हणावं एवढीही नाही. ती आमच्या डोक्यावर यायला किती वेळ लागेल हे मी गणिताने काढायला लागले, तर खोत म्हणाले थांबा. ते दोरी धरून उभे राहिले. मी दोनदा म्हटलं, सोडा आता. त्यांनी सोडला नाही. तिसऱ्यांदा म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यांनी हात मोकळा केला.

“एक,” ते दुर्बिणीवर वाकून म्हणाले. मी लिहीत गेले. दोन. तीन. चौथ्याला फुगा ढगाच्या कडेला लागला आणि माझी पेन्सिल थांबली. “हाय,” खोत म्हणाले. “हाय अजून. फटीत शिरलाय.” पाच. सहा. सातव्याला तो खिंडीच्या उंचीवर पोचणार होता. सात. “दिशा नव्वद, कोन त्रेपन्न.” आठव्याला त्यांनी आकडा दिला आणि लगेच म्हणाले, गेला. पण आम्हाला आठच्या पुढचं काही नको होतं.

गणित करायला मला चार मिनिटं लागली. पुन्हा तपासायला दोन. उत्तर आलं तेव्हा मला आधी हसू फुटलं आणि मग घड्याळाकडे नजर गेली.

खिंडीत वारा एकोणीस नॉट होता.

मी टॉवरवर गेले. आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती. “सर, खिंडीत एकोणीस. त्याच्या वरही एकवीसच आहे.”

“बघितलंस?”

“हो सर. डोळ्यांनी.”

“निघतो,” जोशी म्हणाले.

ते आठ सव्वीसला चौकीवर पोचले. दिलबहादूर जिवंत होता. दोघांनी त्याला मागच्या जागेत आडवा घातला, नळकांडीत थोडाच ऑक्सिजन उरला होता, तो लावला, आणि ते परत फिरले. खिंड त्यांनी विनासायास ओलांडली. पिंटोने नंतर सांगितलं की आमचे पत्रे खाली दिसायला लागले तेव्हा त्याने मागे वळून सांगितलं, आलो बरं का, आणि मागून उत्तर आलं नाही.

रुग्णवाहिका उभीच होती. मी त्याचा चेहरा फक्त स्ट्रेचरवर पाहिला, घोंगडीच्या कडेतून. बारीक मिशी होती. तळावरचा डॉक्टर तरुण होता, त्याने आपलं सरळ जे होतं ते सांगितलं, की अर्धा तास आधी आला असता तर वाचला असता. त्याला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. मी मान हलवली.

जोशी हवामानाच्या खोलीत आले तेव्हा मी उठून उभी राहिले. त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. तोंडावर पट्ट्याचे वळ होते.

“तुझा अठरा बरोबर होता,” ते म्हणाले.

मी सकाळचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“तो पुन्हाही बरोबर येईल. मला त्याचीच भीती वाटते.”

एवढं बोलून ते गेले. अहवालात त्यांनी लिहिलं, खिंडीवरच्या ढगांमुळे विलंब. ते खोटं नव्हतं. रेडिओवर माझं बोलणं ऐकलेल्यांपैकी कुणीही कधी तो विषय काढला नाही. मी स्वतः चौकशी मागावी का, हा विचार मी पंधरा दिवस करत राहिले आणि मग मागितली नाही. याचीही लाज मला आजवर वाटते.

त्या संध्याकाळी मी दिवसाची नोंदवही पूर्ण करायला बसले. तिच्यात दर वीस मिनिटांनी आभाळाचा किती भाग झाकला आहे ते लिहायचं असतं, आठ भागांपैकी किती. सकाळी सहा वीसची नोंद होती, पाच. सहा चाळीस, सहा. सात वाजता, सात. म्हणजे खोतांनी दुसरा फुगा सोडू का म्हणून विचारलं तेव्हा आठांतले तीन भाग आभाळ उघडं होतं. त्यांचं भोक खरं होतं. तेव्हा तो जाड फुगा सोडला असता तर पावणेसातला जोशी दारात शिरताना माझ्या हातात एकोणीस असता, डोळ्यांनी पाहिलेला, आणि ते आहे त्याच वेळेला निघाले असते, मध्ये कुठेही न थांबता. मी वेळ वाचवण्यासाठी शेपूट लावलं होतं. त्या माणसाचा अर्धा तास मी टॉवरवर खरं बोलून घालवला नव्हता. सहा वाजून वीस मिनिटांनी, खोतांना नको म्हणून घालवला होता.

महिन्याभराने वरून एक पत्र आलं. त्या दिवशीचा प्रोग्रॅमचा अंदाज अठरा आणि प्रत्यक्ष मोजलेला वारा एकोणीस, ही अचूकता उल्लेखनीय असल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि तळाच्या हवामान अधिकाऱ्याचं अभिनंदन केलं होतं. मी ते पत्र खोतांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. “जपून ठेवा मॅडम,” ते म्हणाले. ते अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर मी तक्त्यातली रिकामी रांग कालच्या आकड्यांनी कधीही भरली नाही. मशीन टींग करायचं, मी बंद करायचे आणि कागदावर जेवढं दिसलं तेवढं घेऊन उभी राहायचे. पण जोशींनी मला तो प्रश्न विचारणं सोडलं होतं. रोज सकाळी यायचे, माझं सगळं ऐकायचे, खिंडीत किती ते विचारायचे, आणि मी आकडा सांगितला की माझ्या खांद्यावरून मागे खोतांकडे बघायचे. खोत मान हलवायचे. मग सही. मला कुणी शिक्षा केली नाही असं जे म्हणतात, त्यांना हे ठाऊक नाही. पाच महिने हे रोज चाललं.

माझी बदली झाली त्या शेवटच्या सकाळी ढग उतरलेले होते. चौकीवर पत्रं आणि भाजी न्यायची होती, घाईचं काही नव्हतं, पण आठवडाभर फेरी झाली नव्हती आणि वरची मुलं वाट बघत होती. मी ढग सांगितले, खालचा वारा सांगितला. जोशी ऐकत होते. मग त्यांनी पेन काढलं, आणि खोतांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“खिंडीत बघितलंस?”

“नाही सर,” मी म्हटलं. “सातव्याला गेला. तीनदा सोडला, तिन्ही वेळा सातव्याला गेला. मला माहीत नाही.”

त्यांनी सही केली, पेन खिशात लावलं आणि पिंटोला हाक मारून सांगितलं की आज उड्डाण नाही. मग खुर्ची ओढून ते तिथेच बसले आणि खोतांकडे त्यांनी तीन चहा मागितले.